दुष्काळाचे कायदे आणि उपनगरांतील नद्या : मुंबई उपनगराच्या जलइतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दुष्काळाचा विचार करताना मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर व सांगलीचा पूर्वभाग ही नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर यांचे स्मरण या संदर्भात सहसा होत नाही आणि ते स्वाभाविकही आहे. सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशाला अवर्षणप्रवण म्हणता येणार नाही. तथापि राज्यातील पाणीविषयक कायद्यांचा इतिहास समजून घेण्यासाठी मुंबई उपनगर हे एक महत्त्वाचे अभ्यासक्षेत्र आहे. मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या चार नद्यांचा उगम याच भागातील डोंगरात होतो. मुंबई शहराला नळाचे पाणी देणारे पहिले धरणही येथेच बांधले गेले. पाणी वाचविण्यासाठी आणि नदी राखण्यासाठी झालेले कायदे, नियम व धोरणे यांची परिणती नेमकी काय झाली, हे येथे अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरात पाहता येते.

टंचाईच्या काळात निर्माण झालेल्या कायद्यांनी पाण्याच्या साठ्याचे व वाटपाचे नियमन केले, पण ज्या प्रवाहातून तो साठा होतो त्या नदीला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. नदीविषयीचे निर्णय प्रदूषण वा पूर यांच्या निमित्ताने, वेगळ्या मार्गाने आणि बहुधा दुर्बळ स्वरूपात घेतले गेले. ही विभागणी कशी घडली आणि तिचे परिणाम कोणाला भोगावे लागले, याचा आढावा पुढे घेतला आहे.

१८५४ ची टंचाई आणि विहारचे धरण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटावरील लोकवस्ती विहिरी व तलाव यांवर अवलंबून होती. लोकसंख्या वाढत गेली तसे हे स्रोत अपुरे पडू लागले. १८४५ मध्ये पाण्यासाठी लोकांनी सरकारकडे दाद मागितली व चौकशीसाठी समिती नेमण्यात आली, पण प्रत्यक्ष कामाला गती मिळाली ती १८५४ च्या तीव्र टंचाईनंतर. त्या वर्षी पाऊस अपुरा झाला आणि बेटावर बाहेरून पाणी आणण्याची वेळ आली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत अभियंता हेन्री कॉनीबेअर यांच्या योजनेनुसार साष्टी बेटावरील खोऱ्यात विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले व १८६० मध्ये मुंबईला नळाने पाणी मिळू लागले. पुढे तेही कमी पडू लागले, म्हणून १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या पवई तलावाचे पाणी मात्र अल्पावधीतच पिण्यास अयोग्य ठरले. १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी आले आणि तेव्हापासून शहराची नजर साष्टीपलीकडील खोऱ्यांकडे वळली.

या घटनाक्रमातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. विहार व तुळशी बांधले गेले तेव्हा ही भूमी मुंबई शहराचा भाग नव्हती. १९२० मध्ये साष्टीचा भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. उपनगरे महानगरपालिकेच्या हद्दीत आली ती १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत. दहिसर व मुलुंडपर्यंतचा भाग दुसऱ्या टप्प्यात समाविष्ट झाला. म्हणजेच शहराची तहान भागविण्यासाठी शेजारच्या बेटावरील नदीचे उगमस्थान अडविले गेले, तेव्हा त्या नदीच्या काठावरील गावे नव्या नळपाण्याची ग्राहकही नव्हती. एका खोऱ्याचे पाणी दुसरीकडे नेताना मूळ खोऱ्याच्या हक्काचा विचार न करण्याची ही पद्धत पुढे तानसा, वैतरणा व भातसा या योजनांतही कायम राहिली. आज मुंबईला सात जलाशयांतून दररोज सुमारे ३,८५० ते ३,९५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यात विहारचा वाटा सुमारे ९० आणि तुळशीचा सुमारे १८ दशलक्ष लिटरचा, म्हणजे दोन्ही मिळून तीन टक्क्यांहून कमी आहे. उर्वरित पाणी ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतून येते. ज्या शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर व भातसा हे जलाशय आहेत, तेथील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या जलइतिहासाचा विचार करताना ही विसंगती दृष्टिआड करता येत नाही.

धरणाच्या भिंतीच्या दोन बाजू

विहार व तुळशी यांच्या पाणलोट क्षेत्राचे रक्षण मात्र काटेकोरपणे झाले. पिण्याचे पाणी शुद्ध राहावे म्हणून भोवतालची जमीन वस्ती व शेतीपासून राखून ठेवण्यात आली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने जलकामांच्या संरक्षणाचे अधिकार महानगरपालिकेला दिले. स्वातंत्र्योत्तर काळात याच वनक्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९९६ पासून ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाते व त्याचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर आहे. उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने ती हटविण्याचे आदेश दिले. या कारवाईत हजारो कष्टकरी कुटुंबे बेघर झाली व त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. पाणलोटाच्या रक्षणाची किंमत कोणी मोजली, याची नोंदही इतिहासात व्हायला हवी.

त्याच भिंतीच्या खालच्या बाजूस चित्र संपूर्णपणे वेगळे आहे. विहार व पवईच्या सांडव्यातून पुढे वाहणारी मिठी सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीस मिळते. साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे असा तिचा मार्ग आहे. औद्योगिक वसाहतींचे सांडपाणी, मलनिःसारणाची अपुरी व्यवस्था आणि पात्रात टाकलेला भराव यांमुळे अनेक दशके ती नाला म्हणूनच ओळखली गेली. दहिसर नदी उद्यानाच्या हद्दीत निर्मळ असते, पण बोरिवलीत वस्तीत शिरताच तिचे रूप पालटते. पोईसर व ओशिवरा यांची अवस्थाही निराळी नाही. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि मिठीचा समावेश सर्वांत गंभीर वर्गात करण्यात आला होता.

पाणी तेच आणि डोंगरही तोच, पण कायद्याच्या दृष्टीने जे पाणी शहर पिते ते राखण्याजोगे ठरले आणि जे शहर पीत नाही ते दुर्लक्षित राहिले. विहारच्या भिंतीच्या वर जलकामांचा, वनांचा व वन्यजीवांचा कायदा एकमेकांस पूरक ठरले. भिंतीच्या खाली प्रदूषणाचा कायदा एकटाच होता.

प्रदूषणाच्या कायद्यात महाराष्ट्र मागे होता असे नव्हे. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षे आधी संमत झाला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. पुढे राज्याने १९७४ चा केंद्रीय अधिनियम १९८१ मध्ये स्वीकारला. या कायद्याची रचना प्रामुख्याने सांडपाणी सोडणाऱ्या घटकाला संमती देणे वा नाकारणे या तत्त्वावर उभी आहे. नदीत पाणी किती वाहते, उन्हाळ्यात तिचा प्रवाह टिकतो की नाही, हा त्या रचनेचा मुख्य विषय नाही. ज्या नदीचा उगम धरणाने अडविला आहे, तिला पावसाळा संपल्यावर प्रामुख्याने सांडपाण्याचाच आधार उरतो. अशा नदीचे संरक्षण केवळ संमतिपत्रांनी होणे कठीण होते.

अवर्षणातून घडलेली विधिपरंपरा

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर लगेच, १८७९ मध्ये, मुंबई पाटबंधारे अधिनियम अस्तित्वात आला. नदी वा ओढ्याचे पाणी कालव्यासाठी वापरण्याचा मनोदय सरकारने अधिसूचनेद्वारे जाहीर करावा आणि त्यानंतर त्या पाण्यावर सरकारचा अधिकार चालावा, ही त्याची मध्यवर्ती कल्पना होती. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ ने हीच चौकट पुढे नेली. या कायद्यांत नदी अवतरते ती कालव्याचा स्रोत म्हणून. शिवाय १९७६ च्या अधिनियमाखालील नियमच दीर्घकाळ तयार झाले नाहीत, याकडे जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी सातत्याने लक्ष वेधले आहे.

१९७२ च्या दुष्काळाने राज्याच्या प्रशासनावर खोल परिणाम केला. रोजगार हमीची कल्पना त्यातूनच दृढ झाली व पुढे तिला कायद्याचे रूप मिळाले. पिण्याच्या पाण्यासाठी विंधण विहिरींचा प्रसारही याच काळात झाला. विहिरी वाढल्या, उपसा वाढला आणि गावाच्या सार्वजनिक विहिरी उन्हाळ्यात आटू लागल्या. यावरील उपाय म्हणून १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनासाठी भूजलाचे विनियमन करणारा अधिनियम झाला. सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास त्याने निर्बंध घातले. जिल्हाधिकाऱ्यांना एखादे क्षेत्र टंचाईग्रस्त जाहीर करण्याचा व त्या काळात स्रोतालगतच्या विहिरींच्या उपशाचे नियमन करण्याचा अधिकारही मिळाला. कायद्याचा हेतू स्तुत्य होता, पण टंचाईची घोषणा मर्यादित मुदतीची असते. मुदत संपली की नियमन संपते आणि पुढच्या वर्षी परिस्थिती पुन्हा पूर्वपदावर येते.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाकांक्षी पाऊल म्हणजे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५. या कायद्याने नदीखोरे हे नियोजनाचे एकक मानले. त्यातील कलम १२(६)(ग) नुसार, खोऱ्यातील टंचाईची झळ सर्वांनी सारखी सोसावी यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी शक्यतो समान राखणे अपेक्षित आहे. गोदावरी खोऱ्यात वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद याच तरतुदीवर उभा राहिला. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्याबाबत आदेश दिला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. दुष्काळातील दुःखाची वाटणी कायद्याने करता येते, हे या तरतुदीचे मोठे योगदान होय. तरीही ही वाटणी जलाशयाजलाशयांमधील आहे. धरणाखालील नदीपात्रात किती पाणी वाहते राहावे, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. २००३ च्या राज्य जलनीतीनेही पर्यावरणाची गरज मनोरंजनाच्या बरोबरीने, पिण्याचे पाणी, उद्योग व शेती यांच्या मागे ठेवली होती. २०११ मध्ये शेतीला उद्योगाच्या आधी स्थान देण्यात आले, पण नदीचा क्रम त्याने बदलला नाही.

२००५ : एकाच महिन्यातील दोन प्राधिकरणे

कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुर्ला, कलिना, साकीनाका, वांद्रे परिसरात मोठी प्राणहानी व वित्तहानी झाली. मिठी ही नदी आहे, याची जाणीव अनेक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथमच झाली. १९ ऑगस्ट २००५ रोजी शासनाने मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केले. पुराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमण्यात आली व तिने २००६ मध्ये अहवाल दिला.

राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाची स्थापनाही ऑगस्ट २००५ मधीलच आहे. एकाच महिन्यात राज्याने पाण्यासाठी एक व नदीसाठी दुसरे अशी दोन प्राधिकरणे उभी केली. पहिल्यास विधिमंडळाने संमत केलेल्या अधिनियमाचा आधार होता, तर दुसरे शासन निर्णयातून आले. पहिल्याच्या मुळाशी टंचाई होती, दुसऱ्याच्या मुळाशी पूर. मिठीचे काम महानगरपालिका व मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात लांबीनुसार वाटले गेले : ११.८४ किलोमीटर पहिल्या संस्थेकडे व सुमारे ६ किलोमीटर दुसरीकडे. पात्र रुंद व खोल करणे, संरक्षक भिंती बांधणे, गाळ काढणे या कामांवर भर राहिला. पुराचे पाणी लवकर समुद्रात पोहोचविणे हा त्यांचा हेतू होता. तोच पाऊस उन्हाळ्यासाठी जमिनीत मुरवावा, हा विचार त्या आराखड्याच्या केंद्रस्थानी नव्हता. भिंतींमध्ये बांधलेल्या नदीचा काठच्या भूजलाशी असलेला संबंध क्षीण होतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पाणीकपातीची वर्षे

उपनगरांना दुष्काळ कळतो तो पाणीकपातीतून. २००९ मध्ये पाऊस लांबल्याने व अपुरा झाल्याने महानगरपालिकेला मोठी कपात करावी लागली. २०१५ मध्ये अपुऱ्या पावसानंतर निवासी वापरासाठी २० टक्के व व्यापारी वापरासाठी ५० टक्के कपात लागू झाली. त्याच हंगामानंतर, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२४ च्या मे-जूनमध्येही आधी ५ व नंतर १० टक्के कपात झाली.

कपात कागदावर सर्वांना सारखी असते, पण परिणाम सारखा नसतो. इमारतीत साठवणुकीच्या टाक्या असतात, तर टेकडीवरील वस्तीत नळाला दाबच नसतो. शिवाय ज्यांना अधिकृत जोडणीच नाही, त्यांची कपात कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. या संदर्भात पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. पाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असून १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी पूर्णतः नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. टंचाईच्या काळात वाटप कोणामध्ये करायचे, याची व्याख्याच या निर्णयाने विस्तारली.

पाणी वाचविण्याच्या नियमांत पर्जन्यजलसंचयाचा उल्लेख आवश्यक ठरतो. २००२ मध्ये एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना तो अनिवार्य करण्यात आला. २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली गेली. २०१८ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मात्र ती ५०० चौरस मीटर झाली. हा नियम नव्या इमारतीपुरता व तिच्या गच्चीपुरता मर्यादित आहे. इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ती यंत्रणा चालू राहते की नाही, हे पाहण्याची परिणामकारक व्यवस्था नसेल तर नियम कागदावरच राहतो.

विहीर, टँकर आणि नदीकाठ

नळाचे पाणी कमी पडले की उपनगर विहिरीकडे व टँकरकडे वळते. गावठाणांतील जुन्या विहिरी, गृहनिर्माण संस्थांच्या विंधण विहिरी व खासगी टँकर यांची एक समांतर पाणीव्यवस्था येथे उभी आहे. राज्याने २००९ मध्ये महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम संमत केला व राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर तो २०१४ मध्ये अमलात आला. भूजलाचा विचार त्याने पाणलोटाच्या पायावर केला. परंतु मुंबईत भूजलाचा प्रश्न ऐरणीवर आला तो केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे. त्यांनुसार ना हरकत प्रमाणपत्र घेण्याबाबत विहीरमालकांना नोटिसा गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये टँकरचालकांनी संप पुकारला. ऐन उन्हाळ्यात महानगरपालिकेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा आधार घेऊन विहिरी, विंधण विहिरी व टँकर ताब्यात घेण्याची घोषणा केली. त्यानंतर संप मागे घेण्यात आला. राज्याचा स्वतःचा भूजल कायदा असताना पेचप्रसंगी आधार घ्यावा लागला तो आपत्तीच्या कायद्याचा, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

नदीकाठाच्या बाबतीत याहून वेगळा अनुभव आला. राज्याने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण स्वीकारले होते. नदीच्या वर्गानुसार काठापासून किती अंतरावर कोणते उद्योग असावेत, हे त्यात निश्चित केले होते. २००९ मध्ये ते सुधारण्यात आले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. प्रदूषण नियंत्रणाचे अन्य कायदे पुरेसे आहेत, अशी त्यामागील भूमिका होती. गुणदोष काहीही असोत, शासन निर्णयाने आलेले नदीचे संरक्षण शासन निर्णयानेच गेले. त्यासाठी विधिमंडळात चर्चा होण्याची आवश्यकता भासली नाही.

समारोप

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, राज्यातील पाणीविषयक कायद्यांमागे टंचाई हीच प्रमुख प्रेरणा राहिली आणि त्यामुळे साठा व वाटप हेच त्यांचे विषय झाले. दुसरा असा की, नदीसाठी झालेल्या उपाययोजना प्रदूषण व पूर यांना दिलेली उत्तरे होती. त्यांना समान बळ मिळाले नाही आणि पाण्याच्या कायद्याशी त्यांचा सांधाही जुळला नाही. तिसरा निष्कर्ष विहारच्या इतिहासातून मिळतो. कायदा दुबळा असल्याने उपनगरांतील नद्या बिघडल्या, असे सरसकट म्हणता येत नाही. विहार व तुळशीचे पाणी दीड शतकाहून अधिक काळ पिण्यायोग्य राहिले, कारण त्यांच्या पाणलोटाकडे पाण्याचा स्रोत म्हणून पाहिले गेले. जेथे ही दृष्टी होती तेथे कायद्याने काम केले आणि जेथे ती नव्हती तेथे त्याच कायद्यांची अंमलबजावणी शिथिल झाली.

यावरून पुढील दिशाही सूचित होते. नदीखोरे हे एकक २००५ च्या कायद्याने मान्य केलेलेच आहे. त्याच एककात धरणाखालील किमान प्रवाह, काठावरील विहिरींचे भूजल आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे. समन्यायी वाटपाचे जे तत्त्व गोदावरीच्या बाबतीत मान्य झाले, त्याचा विस्तार मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूरच्या गावपाड्यांपर्यंत होणेही न्याय्य ठरेल. उपनगरांतील चार नद्यांचे पाणी पिण्यासाठी परत मिळणार नाही, हे मान्य केले तरी बागा, बांधकामे, धुणी व भूजलपुनर्भरण यांसाठी त्या उपयोगी पडू शकतात. तेवढ्या प्रमाणात शहापूर, मोखाडा व इगतपुरी तालुक्यांतील खोऱ्यांवरचा भार हलका होईल आणि पुढील अवर्षणाच्या वर्षी तेथील टँकरची फेरी एखाद्या तरी पाड्यापुरती कमी होऊ शकेल.